त्याचं गाव लांब असंल

खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचा आणि तळवा वर करून हळूच पुढे न्यायचा, पंगतीत पाहुण्याला पाट दाखवावा तसा. समोरची गाडी धूळ उडवत निघून गेली की हात आत घेऊन ते स्वतःशीच म्हणत, "जाऊ दे बाबा, त्याचं गाव लांब असंल."

जाफराबादहून जालन्याला जाणाऱ्या सकाळच्या बसवर ते ड्रायव्हर होते. सगळे त्यांना मामा म्हणत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील दुसऱ्याच्या शेतावर कामाला जात. मामांनी माझं नाव कधी विचारलं नाही. मी चढलो की आरशात बघून म्हणत, "या कॉलेज, बसा."

त्या वेळचा रस्ता तुम्हालाही आठवत असेल. मधे एकाच गाडीपुरतं डांबर, दोन्ही बाजूंना मुरूम. समोरासमोर आलेल्या गाड्यांनी एकेका बाजूची चाकं मुरमावर उतरवायची, अशी रीत होती. पुलावर जो आधी चढला, त्याचा पूल. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत.

मी कॉलेजात जाऊ लागलो तोवर ही रीत सुटत चालली होती. नवे ट्रक आले, जीपा आल्या. त्या डांबर सोडत नसत. मामा बस खाली उतरवत आणि खरी अडचण तिथून सुरू होई, कारण खाली गेलेल्याला पुन्हा वर कुणी येऊ देत नसे. एकामागून एक गाड्या जात राहायच्या आणि आमची बस एका अंगाला कलून उभी. आत टोपल्या घसरत, कोंबड्या ओरडत, कडेच्या माणसावर अख्खा बाक रेलत असे.

"मामा, तुम्ही उतरता म्हणून ते माजलेत," मागून कुणी म्हणे.

"मंग काय टक्कर घेऊ?"

"एक डाव उतरूच नका. बघू काय करतेत."

"अन् तोबी न्हाई उतरला तर?"

कंडक्टर म्हणे, "मामा बैलगाडी सोडून हिकडं कशाला आले, काय माहीत." मामाही हसत. पण मी पुढच्या बाकावर बसायचो. स्टिअरिंगवर आवळलेली त्यांची बोटं मला दिसायची.

माझी वार्षिक परीक्षा आली. इंग्रजीच्या पेपरच्या सकाळी आम्ही असेच मुरमावर अडकलो. एका वऱ्हाडाच्या गाड्या जात होत्या, संपतच नव्हत्या. मी हॉलतिकीट पुन्हा पुन्हा काढून बघत होतो. घाई करा म्हणायची हिंमत नव्हती. मामांनी आरशात पाहिलं.

"पेपर हाय ना? उशीर झाला तर?"

"आत घेत नाहीत."

"पोचवतो बराबर."

पुढे नदीवरचा अरुंद पूल. पलीकडून कडब्याचा ट्रक पुलावर चढलेला होता. सवयीने मामांचा हात खिडकीकडे गेला. पण बाहेर आला नाही. त्यांनी हॉर्नवर तळवा दाबला आणि बस पुलावर घातली.

ट्रकही थांबला नाही. मधोमध दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. तेवढ्यात आमच्या मागे जीप, मेटॅडोर, ट्रॅक्टर येऊन भिडले. ट्रकच्या मागेही तसंच. पुढून हॉर्न, मागून हॉर्न, आणि पुलाला कठडा नाही.

मामा खाली उतरून बसला चिकटत, आडवे सरकत पुढे गेले. ट्रकवाला म्हणाला, "मी आधी चढल्तो. तुम्हाला दिसलो न्हाई का?"

"दिसल्ता."

"मंग?"

 मामांना माझ्याकडे बोट दाखवता आलं असतं, पण त्यांनी दाखवलं नाही.

मग ते मागच्या जीपवाल्याकडे हात जोडत गेले. तो हसला. "आज कसे काय घुसले मामा? रोज तर खाली उतरता." त्याने जीप हलवली नाही.

परत येऊन मामा मला म्हणाले, "कॉलेज, तू उतर. जल्दी पलीकडं जा." मी ट्रकच्या कडेने सरकत पूल ओलांडला. रांगेच्या टोकाला एक मोटरसायकलवाला कंटाळून जालन्याकडे परत वळत होता. त्याने मला मागे बसवलं. शिपाई दार लावायला उठला होता, तेव्हा मी आत शिरलो.

सुट्टीनंतर बसवर दुसराच ड्रायव्हर होता. कंडक्टर म्हणाला, मामांनी स्वतःहून डेपोतलं काम मागून घेतलं. मी त्यांना भेटायला गेलो. धुतलेल्या बस भिंतीलगत नेऊन लावायच्या, एवढंच काम होतं.

"मामा, माझ्यामुळं..." 

"तुझ्यामुळं न्हाई. मला तो दिसल्ता, कॉलेज. तरी गेलो." मग म्हणाले, "इतकं सोपं असतंय, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशीबी जमलं असतं. म्हणून गाडीवरून उतरलो."

नंतर ते एका रिकाम्या बसमध्ये चढले. आवार लहान, चारी बाजूंनी भिंत. बस जेमतेम हलली आणि थांबली. झाडणारी बाई बादली घेऊन समोरून चालली होती. खिडकीतून हात बाहेर आला, तळवा वर करून हळूच पुढे गेला.

तिला नळापर्यंतच जायचं होतं. ती पोचेपर्यंत बस उभी होती.