चौकशीखोर

गावी दाजींच्या खुर्चीत केस कापायला बसलेला माणूस उठेपर्यंत त्याच्या सात पिढ्यांची माहिती दाजींना झालेली असे. पोरीचं स्थळ कुठवर आलं, सासूचा गुडघा कसा आहे, धाकट्या भावाशी बोलणं सुरू झालं का; कात्रीच्या बरोबरीने जीभ चाले. "केस राहिले तर राहू देत, याची चौकशी पुरी झाली पाहिजे," असं म्हणत गिऱ्हाईकं वैतागायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायची.

मग मेहुण्याने बोलावून घेतलं आणि दाजी बायकोसह परदेशी आले. एका बाईंच्या सलूनमध्ये खिडकीकडची खुर्ची मिळाली. भाषा मोडकीतोडकी, पण प्रश्न विचारायला शब्द लागतात किती! पहिल्याच आठवड्यात त्यांनी एका वकिलाला विचारलं, "एवढं टक्कल कुणाच्या काळजीने पडलं?" वकील अर्धी दाढी तशीच टाकून उठला. तक्रार मालकीणबाईंकडे गेली आणि तिथून मेहुण्याकडे.

"दाजी, इथे लोक केस कापायला येतात, जबानी द्यायला नाही," मेहुणा म्हणाला. "नोकरी गेली तर गाशा गुंडाळावा लागेल. देश तसा वेश. हाताची घडी, तोंडावर बोट."

"अरे, पण मुक्याने माणसाच्या डोक्याला हात कसा लावायचा?"

"लावायचा. सगळे लावतात."

दाजी शिकले. हवेबद्दल एक वाक्य बोलायचं. 'बरं आहे ना' असं विचारायचं, पण उत्तराची वाट बघायची नाही. ही शेवटची युक्ती जमायलाच वर्ष गेलं. "आता तुम्ही अगदी आमच्यातले वाटता," असं मालकीणबाई म्हणाल्या, त्या दिवशी घरी येऊन दाजींनी ते बायकोला दोनदा सांगितलं.

"अहो, पण हल्ली तुम्ही मलाही काही विचारत नाही," ती म्हणाली. दाजींना ती थट्टा वाटली आणि ते हसले.

एक गिऱ्हाईक मात्र त्यांच्या चौकशीलाच भुललं होतं. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेला एक म्हातारा. नव्या नवलाईच्या दिवसांत दाजींनी त्याला विचारलं होतं, "जेवायला कोण करून घालतं?" म्हातारा आरशातून बराच वेळ बघत राहिला आणि मग जो बोलायला लागला, तो दाढी होऊन गेली तरी थांबेना. बायको गेलेली, मुलगी लांब, तिला फोनवर 'सगळं ठीक' एवढंच सांगायचं. त्या अख्ख्या शहरात दाजींनी मित्र म्हणावा असा हा एकच माणूस. पण तोंडाला कुलूप लावलं तेव्हा त्याच्यासाठी वेगळी किल्ली ठेवायचं काही दाजींना सुचलं नाही. म्हातारा तरीही येत राहिला, हवेबद्दलचं वाक्य ऐकून जात राहिला.

एकदा दाजींनी त्याच्या अंगावर कापड पांघरलं. एरवी मानेमागे दुसऱ्या टिचबटणाला घट्ट बसणारं ते कापड चौथ्याला लावलं तरी आत दोन बोटं जात होती. कानामागची कातडी पिवळी पडली होती. माणसाची मान दाजींना त्याच्या तोंडापेक्षा जास्त सांगायची. 'काय झालंय हो तुम्हाला?' अगदी ओठांवर आलं. पलीकडे मालकीणबाई कंगवे धूत उभ्या होत्या.

"आज ऊन छान पडलंय," दाजी म्हणाले.

"हो," म्हातारा म्हणाला.

केस झाल्यावरही तो उठेना. आरशातून दाजींकडे बघत राहिला.

"झालं?"

"झालं," म्हणत दाजींनी कापड झटकलं.

त्यानंतर तो आला नाही. थंडी सुरू झाल्यावर एक अनोळखी बाई दाजींना शोधत आली. नाक थेट म्हाताऱ्याचं.

"माझे वडील तुमच्याकडे यायचे. त्यांच्या घराखालीच एक सलून होतं, तरी दोन बस बदलून इथे. म्हणायचे, तिथला माणूस माझी चौकशी करतो." तिने खिडकीकडच्या खुर्चीकडे बघितलं. "ते गेले. आजार लपवून ठेवला होता, आम्हाला अगदी शेवटी कळलं. मला वाटलं, तुम्हाला तरी बोलले असतील. काही म्हणाले होते का?"

धरणीने पोटात घ्यावं असं दाजींना झालं. ते चौथं टिचबटण बोटांना अजून आठवत होतं.

"मी विचारलंच नाही," ते म्हणाले.

बाईने हातमोजे चढवले. मग सभ्यपणे मान हलवून म्हणाली, "बरोबरच आहे. तुम्ही कशाला विचाराल? ज्याचं त्याचं खासगी असतं."

ती वळली. तिचे डोळे भरलेले दाजींना दिसले. घरी सोबत कोण आहे, काही खाल्लंय का, बसता का दोन मिनिटं, सगळं एकदम घशाशी आलं. ते तिच्यामागे दारापर्यंत धावले आणि त्यांनी तोंड उघडलं.

"बाहेर गारठा आहे आज," ते म्हणाले.