विषुववृत्तातलं विष

मला बघायला पाहुणे आले, त्या रविवारचा विषय आमच्या उस्मानपुऱ्यातल्या घरी अजून निघतो. मी तेव्हा करमाडच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मुलगा शेंद्र्याच्या एका कारखान्यात इंजिनिअर. सोबत त्याचे आई-वडील आणि देवगाव रंगारीहून खास बोलावलेले चुलते. प्रश्न विचारायचं काम त्यांच्याकडंच होतं.

पोहे झाले, चहा झाला. चुलत्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"भूगोल शिकवता व्हय? मग सांगा, विषुववृत्तात विष कुठून आलं?"

बाबांनी घाबरून माझ्याकडं पाहिलं. मला मात्र बरंच वाटलं. पुरणपोळी जमते का, यापेक्षा हा प्रश्न कितीतरी बरा.

"विष नाहीच त्यात, काका. मूळ शब्द विषुव. संस्कृतात विषु म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं. दिवस-रात्र सारखे असतात तो विषुवदिन. त्या दिवशी भर दुपारी सूर्य ज्या रेषेच्या बरोबर डोक्यावर येतो, ते विषुववृत्त. इंग्रजीतल्या इक्वेटरचा अर्थही तोच, सारखं करणारा."

"अन् ती रेघ खरंच हाय का तिथं?"

"नाही. मानलेली आहे."

"मानलेल्या रेघेचा एवढा बोभाटा?"

"मुलाकडची बाजू वरची, हेही मानलेलंच आहे की काका!"

आईनं कपाळाला हात लावला. मग मुलगाच आधी हसला, चांगला मोठ्यानं, आणि त्याच्यामागं चुलते.

"दोन्हीकडं सारखं म्हणती पोरगी," ते पुतण्याला म्हणाले. "ऊठ, कपबशा आत नेऊन ठेव."

तो खरंच उठला आणि ट्रे घेऊन थेट न्हाणीघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मी त्याला स्वयंपाकघर दाखवलं. तिथं तो हळूच म्हणाला, "भूगोलात मी कसाबसा पास झालोय. चालेल?"

"चालेल. कप विसळता येतात?"

त्यानं विसळले. एकाचा कान तुटला, पण लग्न जमलं.

लग्नात चुलते भेटेल त्याला विषुवाचा अर्थ सांगत फिरत होते. आता गावी गेलो की जेवताना नवऱ्याच्या पोटाकडं बघून म्हणतात, "सूनबाई, ह्याचं विषुववृत्त लई वाढलं." नवरा लाजून अर्धी भाकरी परत करतो, आणि परतीच्या वाटेत गाडी थांबवून प्लेटभर भजी खातो.