हत्तीवरचा राजपुत्र

डोळ्यात औषध पडलं की त्याच्या वासाने मला सासरे आठवतात. महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी नवी सून, वडनेरच्या बाजारातून जुन्या छापाची एक तसबीर आणली. तीत हत्ती, अंबारी आणि वाकलेली माणसं होती. राजाच असेल म्हणून देवांच्या रांगेत लावली. मोतिबिंदूमुळे सासऱ्यांना दिसत नव्हतं. मी एकेका तसबिरीत कोण आहे ते सांगायची, ते हात जोडायचे. ऑपरेशननंतर त्यांना अंबारीतली साहेबी टोपी दिसली. "सूनबाई, हा तं गोरा राजपुत्र हाय. असल्याइच्या स्वारीसाठी माह्या बापानं वेठीत रस्ते झाडले. अन् तू मले याच्या पाया पडाले लावलं?" तसबीर मी तेव्हाच उतरवली. तरी मी देवांना लावलेलं कुंकू ते मरेपर्यंत रोज पुसून, एकेक तसबीर निरखून स्वतः लावत राहिले. परवा सुनेने माझ्या डोळ्याची पट्टी सोडली, तेव्हा मी आधी देवांची रांग तपासली.