पाकटीच्या शेपटीवरचा सरळ काप

पाकट, म्हणजे स्टिंगरे मासा, टाकीच्या तळाशी पडली होती. ताटासारखी गोल, आणि कडा वर वळलेल्या. आमच्या धंद्यात हे फार वाईट लक्षण. पाण्याची टेस्ट केली, पाणी उत्तम होतं.

मी व्हेटर्नरी डॉक्टर, नाशिकमध्ये अ‍ॅक्वेरियममधले मासे बघते. भाऊसाहेबांची मखमलाबादला गुलाबाची पॉलीहाऊस आहेत. ही पाकट त्यांनी हौसेने आणलेली. गोड्या पाण्यातली, अ‍ॅमेझॉनच्या बाजूची, काळ्या अंगावर पिवळी फुलं असलेली. ही जात इतके कमी लोक पाळतात, की औषधाचा डोससुद्धा कुठे ठाम लिहिलेला नाही.

शेपटी वाळूत होती, पण मुळाशी जखम दिसत होती.

"कशाने लागलं?" मी घरच्यांसमोरच विचारलं.

"दगडाला घासली आसंल," भाऊसाहेब म्हणाले.

मी दगड काढायला लावले, सौम्य औषध दिलं. पुढच्या खेपेला जखम पांढरी पडून वर चढली होती. आता शेपटी वर घेऊन पाहिली. काटाच नव्हता. पाकटीचा हा विषारी काटा अधूनमधून आपोआप गळतो, नवा येतो. हा गळला नव्हता, मांसासकट कापला होता.

भाऊसाहेबांची सून चहा घेऊन आली होती. दारात दोन कामगार होते. माझा आवाज चढला.

"दगड असा सरळ कापत नाही, भाऊसाहेब. कुणी कापलं?"

भाऊसाहेब म्हणाले, "मीच. नात सारखी पाण्यात हात घालती वो. म्हणलं, गुलाबाचा काटा काढतो तसा काढू. सिकेटरनं, त्या छाटणीच्या कात्रीनं, छाटला. लय रक्त आलं. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

सून ट्रे ठेवून आत गेली. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मान खाली घालून उभा होता. कुठे बघावं मला कळेना. हे मी त्यांना बाजूला घेऊनही विचारू शकले असते.

वेगळ्या टबात अँटिबायोटिक सुरू केलं, डोस अंदाजाने. उशीर झालेला होता. पाकट गेली.

मी सामान आवरत असताना नात आली. "आजोबा, ती कशानं मेली?"

"आजारी होती गं," सून म्हणाली.

"नाय," भाऊसाहेब म्हणाले. "माझ्यामुळं मेली, बाळा." आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

मी पाइप गुंडाळत राहिले. वर बघितलं नाही.

आता जखमी मासा बघायला गेले, की मालकाला आधी अंगणात एकट्याला नेते आणि मगच विचारते. चारचौघांत खरं उत्तर उशिरा येतं.