मावशीसाठी केलेला हात

परतूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये केशरबाईचा उजवा हात कोपराखाली तुटला, तेव्हा तिची भाची बेबीनंदा शाळेत होती. पुढं ही मुलगी औरंगाबादला इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि १९९६ साली मुंबईच्या एका विद्यापीठात बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या एम.टेक.ला लागली. प्रबंधाचा विषय तिनं कधीच ठरवून टाकला होता. उरलेल्या स्नायूंतून निघणारे विजेचे बारीक इशारे ओळखून उघडणारा, मिटणारा हात.

केशरबाईला तिनं प्रयोगशाळेत आणलं. त्या थंडगार खोलीत मावशीनं नव्या हातानं प्लास्टिकचा पेला उचलला आणि हसता हसता रडायलाच लागली. मार्गदर्शक सर म्हणाले, "प्रबंधाला एवढं पुरे." बेबीनंदाला मात्र रोजच्या वापरात हात कसा चालतो ते बघायचं होतं. सरांची परवानगी काढून मे महिन्यात ती तो घेऊन परतूरला आली.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. केशरबाई शेजारणींना बोलावून बोलावून हात दाखवायची. मग आठवडी बाजारात, बेबीनंदा सोबत असताना, तिनं नात पुष्पाचं मनगट त्या हातात धरलं. ऊन मरणाचं होतं. घामानं स्नायूंचे इशारे टिपणाऱ्या कातडीवरच्या पट्ट्या निसटल्या, चुकीचे इशारे जायला लागले आणि बोटं आपोआप आवळत गेली.

"आजी, सोड! सोड ना!"

केशरबाई सोडायला बघत होती, तसा हात आणखी घट्ट होत होता. बेबीनंदानं बॅटरी ओढून काढली, तरी बोटं होती तिथंच अडकली. शेजारच्या सायकल दुकानातला स्क्रू ड्रायव्हर आणून ती उचकटावी लागली. तोवर पोरीचं हाड मोडलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर केशरबाईनं विचारलं. "मीच आवळलं का गं?"

"न्हाई मावशी. मशीननं."

"पण हात तर माझाच व्हता ना."

मुंबईला परतल्यावर तिनं हे प्रबंधात लिहायचं म्हटलं, तेव्हा सर म्हणाले, "बाजार आपल्या प्रयोगात नव्हता. प्रबंधात कशाला घालतेस?"

"सर, हा हात घालून माणसं जाणार कुठं?"

सरांनी प्रबंधावर सही केली नाही. बरोबरीची मुलं पदव्या घेऊन गेली, ही मागं राहिली. पण काम सोडलं नाही. बॅटरी नसली तरी बोटं मोकळी करणारी कळ तिनं बसवली. घडलेलं सगळं प्रबंधात लिहिलं आणि उशिरा का होईना, सरांनी सही केली, तो मंजूर झाला.

नवा हात घेऊन ती परतूरला आली. केशरबाईनं कळ दाबून पाहिली.

"चांगला केलास. पण दुसऱ्या कोणाला दे, बेबी."

"एकदा घालून तर बघ."

"तुझ्यावर राग न्हाई गं. पण हा नुसता पाहिला तरी पोरगी लपून बसती."

पुढं तो हात अंबडकडच्या एका मजुराला बसवला. बेबीनंदानं आनंदानं ते मावशीला सांगितलं.

"त्याच्या घरी लहान लेकरं हायेत का?" केशरबाईनं विचारलं.

बेबीनंदाला ते माहीत नव्हतं.