अम्मीच्या पायाचं माप

गेल्या शनिवारी अम्मीला निमगाव केतकीहून बारामतीला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. नेलं म्हणजे, गाडीत बसेपर्यंत वाद घालून नेलं...

अम्मी बांगड्या विकते. आठवडे बाजारात दुकान मांडते, लग्नसराईत घरोघरी जाऊन बांगड्या भरते. यंदा मात्र घरोघरी जाणं तिनं बंद केलं. पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली होती, चपलेत ठणकायची. "हाड वाढलंय. कापायला लावत्याल, मग बसा घरात," हे तिचं निदान.

मी एमआयडीसीत सुट्या भागांची मापं तपासते. मलाही वाटलं होतं, वाढलंय तर घासून काढतील... दोघीही चुकलो होतो.

एक्स-रेमध्ये हाड वाढलेलं नव्हतं, तिरकं झालं होतं. अंगठा शेजारच्या बोटाकडे झुकलेला, त्यामागचं हाड बाहेर सरकलेलं. गाठ म्हणजे तो सांधाच. याला इंग्रजीत बनियन म्हणतात, अंगातल्या बनियनशी त्याचा संबंध नाही. पायाची अशी ठेवण बऱ्याचदा घराण्यातून येते, अरुंद चपला त्रास वाढवतात.

उपाय साधे: पुढून रुंद बूट, बोटांमध्ये सिलिकॉनचा तुकडा, सूज आली की बर्फ. त्यानं हाड सरळ होत नाही, दुखणं कमी होतं. एवढं करूनही चालणं अवघड झालं, तर ऑपरेशन.

ऑपरेशन टळलं म्हणून अम्मी खूश. पण चपलांच्या दुकानात रुंद बूट बघून बिथरली. "हे काय, ट्रॅक्टरचं टायर हाय का? ती नाजूक चप्पल दे. बसतीय की मला."

मी विचारलं, "अम्मी, तू गिऱ्हाईकाचं मनगट बघून बांगडी देतेस का?"

"मनगट कशाला? हाताचा रुंद भाग बघायचा. तितनं गेली पायजे."

मी रुंद बूट तिच्या पायापुढे सरकवले. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा स्वतःच्या अंगठ्याकडे... आणि नाजूक चप्पल खाली ठेवली. "लई शानी झालीस."

काल तेच बूट घालून ती एका लग्नघरी बांगड्या भरून आली. आल्या आल्या माझ्या टोकदार ऑफिस-शूजकडे बोट केलं. "काढ ते. पाय दाव."

गिऱ्हाईकाचा हात धरते तसा तिनं माझा पाय धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबला. "हितं दुखतंय?"

दुखत होतं. बरेच दिवस. मी कुणाला बोलले नव्हते...

रविवारी पुन्हा त्याच दुकानात जातोय. या वेळी माप अम्मी घेणार आहे, आणि मी वाद घालणार नाही.