दोन बोटं माया

शिवणीच्या आत शिंपी जे जास्तीचं कापड दाबून ठेवतो, त्याला माया म्हणतात. आमच्या शाळेसमोरचे चाचा शाळेच्या स्कर्टला दोन बोटं माया सोडायचे. बाकीचे शिंपी एकच बोट सोडत, तेही उपकार केल्यासारखं. पोरगी वाढली की शिवण उसवायची, माया काढायची, की एक साल निघायचं. पाचवीत शिवलेला माझा स्कर्ट सातवीपर्यंत असाच निघाला.

दुकान म्हणजे टिनाची एक अरुंद खोली. मागे नहर, म्हणजे कालवा; पुढे रस्ता. शाळा उघडायच्या दिवसांत पोरी मापासाठी बाहेर रांगेत उभ्या असायच्या, आणि आमच्याकडचं जूनचं ऊन शाळेचं वेळापत्रक पाहून कमी होत नाही. एकदा रांगेतली एक पोरगी चक्कर येऊन पडली. ती मी. त्याच आठवड्यात चाचांनी दुकान चार हात पुढे घेतलं, मशीन पुढे आणलं, बाकडं टाकलं. तेव्हापासून मापं सावलीत होऊ लागली.

पुढे मी त्याच शाळेत मराठी शिकवायला लागले. तोवर मला 'बेटी' म्हणणारे चाचा दुसऱ्या दिवसापासून 'बाई' म्हणू लागले. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करायचं निघालं आणि चाचांना नोटीस आली. दुकान आपल्या जागेच्या बाहेर आलं आहे, काढून घ्या, काही म्हणणं असेल तर सुनावणीला या. जागेचा कागद वाळवीने कधीच खाल्लेला. मागचा काठ इतक्या वर्षांत नहरात ढासळत आलेला; पुढचे चार हात गेले तर एवढीशी पट्टी उरणार होती, की मशीन तिथे ठेवलं असतं तर चाचांना नहरात बसून शिवावं लागलं असतं.

गाव उठलं. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातले लोक आले, त्यांचे नागपूरला जायचे पांढरे सदरे चाचाच शिवत. राइस मिलचे हमाल आले. मुलचेऱ्याकडून बाजाराला येणाऱ्या बंगाली बाया साड्या फॉल लावायला चाचांकडे टाकत, त्याही आल्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांना हा माणूस कसा आहे ते कळलं की झालं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. अर्ज कोणी लिहायचा हा प्रश्नच नव्हता. मराठीच्या बाई कशासाठी असतात?

मी जीव ओतून लिहिलं. दुकानातच सगळ्यांना वाचून दाखवलं. 'पूर्वी हे दुकान चार हात मागे होते. शाळेच्या मुली उन्हात उभ्या राहतात हे न बघवून या सहृदय कारागिराने ते स्वतःच्या हाताने पुढे घेतले व लेकरांवर सावली धरली.' या वाक्याला एका म्हाताऱ्या बाईने डोळ्यांना पदर लावला. मला हुरूप आला.

चाचांनी तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. म्हणाले, "एवढं लिवाच लागते काय, बाई?"

मला तो त्यांचा संकोच वाटला. मी त्यांना जवळजवळ दटावलं, की तुम्ही कपडे शिवा, अर्ज माझ्यावर सोडा. त्यांनी टाचण्या परत तोंडात धरल्या. सह्या झाल्या, सही न येणाऱ्यांचे अंगठे झाले. शाळेचं शाईपॅड त्यात सुकून गेलं.

सुनावणीला खोलीत मावेनात इतके लोक. साहेब तरुण होते, माणूस वाईट नव्हता. अर्ज वाचता वाचता ते थांबले, तीच ओळ पुन्हा वाचली आणि हळूच म्हणाले की जुना नकाशा कार्यालयातही नाही. दुकान पहिल्यापासून इथवरच आहे असं धरून मी रस्ता तेवढा वळवून घेणार होतो. पण तुम्हीच लिहून दिलंय. मग त्यांनी चाचांना विचारलं, खरंच पुढे घेतलं होतं का, की लिहिण्याच्या भरात लिहिलं गेलं?

दार उघडं होतं. साहेबांनी ते मुद्दाम उघडं ठेवलं होतं. चाचांनी नुसतं 'नाई' म्हणायचं होतं. मी त्यांच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोला ना खोटं, बोला. मी स्वतः उठून, 'ते मी वाढवून लिहिलंय' असं म्हणू शकत होते. माझ्याभोवती माझे विद्यार्थी उभे होते, त्यांचे आईबाप उभे होते. मी उठले नाही.

"बाईनं लिवलं थे बराबर हाये, साहेब," चाचा म्हणाले. "पोरायले खरं बोला म्हून शिकवते ते. मी तिले सगळ्यायसमोर खोटं पाडू काय?"

धोंडा मी टाकला होता, पाय त्यांचा होता.

दुकान पाडायला यायच्या दिवशी लोक पुन्हा जमले, आडवं उभं राहायचं ठरवून. चाचा आधीच शिडीवर होते, एकेक खिळा काढत. मशीनला धक्का नको म्हणाले. वाचवायला आलेले हात मग टिन उचलायला लागले. मी बाकड्याचं एक टोक धरलं. माफी मागायची होती, ती तोंडातून निघालीच नाही. नुसती रडत चालले. चाचांनी दुसरं टोक धरलेलं होतं. "सांभाळून, बेटी," एवढंच ते म्हणाले. इतक्या वर्षांनी 'बेटी', आणि तेही त्या दिवशी.

काही दिवस ते घरी शिवत होते, पण गल्लीच्या आत कोण जाणार. पुढे बल्लारपूरला लेकीकडे गेले. जाताना मशीन विकलं. मी भेटायला गेले नाही. मला तोंड नव्हतं.

माझ्या मुलीचा स्कर्ट त्यांनी दुकानात शिवलेल्या शेवटच्या कपड्यांपैकी. या जूनमध्ये तो आखूड झाला. तिच्या वर्गातल्या बाकीच्या पोरी तयार स्कर्ट घालतात, त्यांना आत काही नसतं. मी कात्री घेऊन बसले आणि शिवण उसवली. आत दोन बोटं माया होती. स्कर्ट विटला होता, आतलं कापड मात्र गडद निळं, कोरं. खाली पट्टी सोडून मी हाताने टाके घातले. वेडेवाकडे आले.

मुलीने घालून पाहिला आणि वाकून विचारलं, "आई, हे पट्टी काऊन अलग दिसून राह्यली?"

मी त्या पट्टीवरून हात फिरवला. मग मी म्हणाले, "तिले ऊन नाई लागलं."